चढावर बसणारी बॅटरी

आमच्याकडं बॅटरी 'बसते'. मेली, संपली असं कुणी म्हणत नाही. आमच्या घरी तर हा शब्द त्याहून जुन्या अर्थानं वापरात होता. दोन पिढ्यांमागची आमची माणसं मेंढरं घेऊन हिंडायची, आणि खतासाठी कुणाच्या रानात कळप मुक्कामाला थांबवला की 'मेंढरं बसवली' म्हणायची. त्यामुळं मी पहिल्यांदा घरी येऊन "आमची बॅटरी बसलीय गं" म्हणून रडकुंडीला आले, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बसली तर बसू दे की. सकाळच्याला उठंल." मी चिडले. तिचं म्हणणं पुढं बऱ्यापैकी खरं ठरलं, पण तेव्हा मला ते कसं कळणार?

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरच्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी शिरूर तालुक्यातल्या केंदूरची. डिप्लोमाचं कॉलेज मिळालं दौंडच्या बाजूला, म्हणून हॉस्टेलवर राहायचे. इलेक्ट्रॉनिक्सला मुली मोजक्याच होत्या आणि त्यातली एक दौंडची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारी. तिचे वडील मालगाडीवर गार्ड होते. आमची ओळख झाली ती माझ्या तापटपणामुळं. प्रॅक्टिकलला माझा मीटर काही केल्या आकडा दाखवेना, म्हणून मी तो टेबलावर आपटायच्या बेतात होते. शेजारून एक हात आला, मीटर काढून घेतला आणि आवाज आला, "आधी त्याचे सेल तरी बघ." सेल नव्हतेच त्यात. त्या दिवसापासून प्रॅक्टिकलला आमची जोडी पडली आणि मग सगळ्यालाच पडली. कॉलेजात मला हाक मारली की लोक तिच्याकडंही बघायचे.

दुसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या रोबोटच्या स्पर्धेचं पत्रक नोटीस बोर्डावर लागलं. यंत्राला वायरीनं हाकायचं, लाकडी चढ चढवायचं, पलीकडं उतरून एक ठोकळा ढकलत न्यायचा. चढ पार झाला की पहिली फेरी पास. आम्ही यंत्र बनवलं ते भंगारातल्या ट्रकच्या वायपर मोटारी, दारांच्या बिजागऱ्या आणि प्लायवूडचा तुकडा जमवून. पुढं दोन चाकं, मागं कुठंही वळणारं एक छोटं चाक, गिरकं. चालताना ते जरा मान खाली घालून दुडदुडायचं, म्हणून मी त्याला कोकरू म्हणायला लागले. तिला नाव आवडलं. कॉलेजातल्या मास्तरांना अजिबात आवडलं नाही, पण ते असो.

काम चालायचं तिच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात. तेव्हा लोडशेडिंगनं सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. हॉस्टेलवर दिवसाचे कितीतरी तास लाईट नसायची. रेल्वे क्वार्टरच्या लायनीवर मात्र लाईट फारशी जायची नाही. शिवाय तिची अम्मी न विचारता चहा आणून ठेवायची आणि आमच्या पसाऱ्याला कधी नाक मुरडायची नाही. बोलायचीही कमी. कपाटाला टेकून बसायची आणि आमच्याकडं बघत तांदूळ निवडायची.

त्याच व्हरांड्यात एकदा चाचा, म्हणजे तिचे वडील, ड्यूटीवरून आले, बूट काढायच्या आधीच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बदलीची ऑर्डर निघाली. वाडी जंक्शन." म्हणजे सोलापूरच्याही पुढं, कर्नाटकात. उन्हाळ्यात, आमच्या परीक्षा झाल्या की सामान हलणार. मी हातातली पक्कड खाली ठेवली. तिसरं वर्ष राहिलं होतं. ती वायर सोलत राहिली. मीच बोलले, नको तेवढ्या जोरात, "चाचा, हिचं शिक्षण अर्धवट राहील. हिला हॉस्टेलवर ठेवा माझ्याजवळ."

चाचा हसले. कोकराकडं बोट करून म्हणाले, "बेटा, तुम्ही इथं शिकता की खेळता, हे मला अजून कळलं नाही. एक काम करा. तुमचं हे मशीन पुण्यात पहिली फेरी पास झालं, तर पोरगी थर्ड इयर इथं करंल. नाही झालं, तर आपलं सामान एकच, तिकडंच कॉलेज बघू." बोलणं ते तेवढंच. पण चाचा शब्दाचे पक्के होते आणि ते आम्हाला दोघींनाही माहीत होतं. त्या दिवसापासून चढ चढणं हे माझ्यासाठी खेळ राहिलं नाही. मला ती जायला नको होती. बक्षीस, सर्टिफिकेट सगळं गेलं खड्ड्यात.

बॅटरी आम्हाला शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्यानं दिली होती. त्याच्या जुन्या यूपीएसमधली, सीलबंद, काळी, मुलाला कडेवर घ्यावं तशी घ्यावी लागणारी. वरती दोन टोकं, त्यांवर नट-बोल्ट. दसऱ्याच्या सुट्टीत हॉस्टेल बंद होणार आणि चाचांच्या घरी पाहुणे येणार, म्हणून बॅटरी मी घरी घेऊन गेले. लाईट असेल तेव्हा चार्जिंग करत राहायची, कारण या बॅटऱ्या रिकाम्या ठेवल्या की आतून खराब होतात, एवढं आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. चौफुला, पारगावचा पूल, न्हावरा, शिक्रापूर असं गाड्या बदलत मी ती मांडीवर घेऊन गेले. कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, डब्यात काय हाय?" मी म्हटलं, "कोकराचं काळीज." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

खंडेनवमीला आमच्या घरी ज्याचं त्याचं हत्यार पडवीत मांडतात. कोयता, खुरपी, फवारणीचा पंप, लोकर कातरायची ती जुनी कातर, जी आता फक्त पूजेपुरती बाहेर निघायची. आईनं मला विचारलं, "आन् तुझं हत्यार कुठाय?" मी थट्टेत बॅटरी आणून ठेवली. आईनं थट्टा मानली नाही. तिनं ती ओल्या फडक्यानं पुसली, सगळीकडून न्याहाळली आणि म्हणाली, "हिचं त्वांड कुठलं?" मी म्हटलं, दोन टोकं आहेत. "मंग दोन्हीला लावते." दोन्ही टोकांवर ओली हळद, त्यावर कुंकू, वर अक्षता. झेंडूचं फूल मधोमध. मला हसू येत होतं, आणि बरंही वाटत होतं. मी शिकते ते नक्की काय, हे आईला कधी कळलं नाही. पण ते कोयत्याच्या शेजारी मांडण्याजोगं आहे, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

दसरा झाल्यावर बॅटरी फडक्यात गुंडाळून मी दौंडला परत आणली. वायरी कोकरावरच होत्या, त्या जोडायचं काम तिचं. आमची तशी वाटणीच होती. मी आवळायला लागले की रागाच्या भरात आटे घालवायचे, म्हणून पान्याला मी हात लावायचा नाही. तिनं दोन्ही नट नीट आवळले आणि कोकरू सपाट फरशीवर असं पळालं की अम्मीनं पाय वर घेतले.

चढावर मात्र ते बसलं.

सरावासाठी तिरकी टेकवलेल्या फळीवर ते अर्ध्यावर जायचं, मोटारी कण्हायच्या, आणि ते मागं घसरायचं. आम्ही बॅटरी रात्रभर भरली. मीटर लावला तर आकडा उत्तम, पोट टम्म. पुन्हा चढावर घातलं, पुन्हा तेच. मग मोटारींवर संशय घेतला. दौंडच्या बाजारपेठेत एक बॅटरीवाला होता, त्याच्याकडं कोकरूच उचलून नेलं. त्यानं आपल्या बॅटरीच्या चिमट्यांच्या वायरी थेट आमच्या स्विचच्या डब्याला लावल्या. दुकानापुढच्या पायरीवर फळी टाकली होती, तीवर कोकरू सरसर चढलं. गर्दी जमली. बॅटरीवाला म्हणाला, "बघा. तुमचं मशीन एक नंबर हाय. बॅटरी बसली. जुनीच होती, आता टाकून द्या." म्हणजे निकालच लागला. दुसऱ्या बॅटरीवर चालतं आणि आपल्या बॅटरीवर चालत नाही, तर दोष बॅटरीचा. यात चुकीचं काय होतं? आम्हाला दोघींनाही काही दिसलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतो आहोत, हे कळायला पुढं संक्रांत यावी लागली.

नवी बॅटरी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून आम्ही आहे तिच्यावरच इलाज करत बसलो. झोपलेल्या माणसाकडं बघून तो आजारी आहे का हे कळत नाही, त्याला उठवून चार पावलं चालवावं लागतं. बॅटरीचंही तसंच. नुसता मीटर लावून काही समजत नाही, तिच्यावर ओझं टाकून आकडा बघायचा. आम्ही जीपच्या हेडलाईटचा बल्ब आणला आणि वायरींच्या टोकांना जोडला. मीटरही त्याच टोकांना. बल्ब लागला की आकडा धाडकन खाली. बल्ब काढला की पुन्हा वर. मी दर वेळी चिडायचे. ती दर वेळी आकडा बघायची, बल्ब काढायची, थोडी थांबायची, परत लावायची. "तुला राग कसा येत नाही?" मी विचारलं. "येतो की," ती म्हणाली, "पण तुझा संपल्याशिवाय माझा नंबर कुठं लागतो?"

हिवाळ्यातल्या त्या संध्याकाळी आठवल्या की आजही मला कसंतरी होतं. व्हरांड्यापुढून गाड्या जायच्या, शंटिंगचं इंजिन शिट्टी मारायचं आणि आम्ही दोघी पिवळ्या बल्बाकडं डोळे लावून बसलेल्या. बॅटरी उठत नव्हती आणि दिवस जात होते. मला वाटायचं, ही बॅटरी उठली की सगळं जागच्या जागी राहील. ती दौंडला राहील, हॉस्टेलवर माझ्या शेजारची कॉट तिची होईल. एवढ्याशा डब्यावर मी केवढा भार टाकला होता.

संक्रांतीला मी तिला घरी घेऊन गेले. बॅटरी आणि तिच्या वायरीही घेतल्या, कारण स्पर्धा तोंडावर आली होती. आईला ती फार आवडायची. माझ्यापेक्षा जास्त, असं मी म्हणायचे आणि आई नाही म्हणायची नाही. तिळगूळ झाला, जेवणं झाली आणि आम्ही पडवीत बॅटरीला बल्ब लावून बसलो. ठरवलं, आज जळेल तितका वेळ जळू द्यायचा. बसलेली बॅटरी बल्ब फार वेळ ओढत नाही, लगेच मान टाकते. आमचा बल्ब मिणमिणत होता, पण मिणमिणतच राहिला. उन्हं पडवीच्या कडेवरून सरकत अंगणात गेली तरी तो तसाच. ती म्हणाली, "हिच्यात दम आहे गं. बघ ना, थकत नाहीये. पण बाहेर येऊ देत नाहीये कुणीतरी." मी म्हटलं, "भूत असेल." मला कंटाळा आला होता.

तेवढ्यात आई झाडायला आली. "ह्ये हलवू का?" म्हणत तिनं बॅटरी सरकवायला हात घातला आणि एकदम ओरडली, "आई गं! भाजलं की!"

"हात कशाला लावलास?" मी खेकसले, आणि खेकसताच थांबले. भाजलं? बॅटरीला हात लावला तर ती गार. काळ्या वायरीचा नट जरा कोमट. लाल वायरीचा नट मात्र चुलीतून काढल्यासारखा. बिघाड हवेत नसतो, कुठंतरी बसलेला असतो, असं मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायचे. तो नेमका कुठं बसलाय हे माझ्या आईच्या बोटानं सांगितलं होतं, आणि तेही झाडता झाडता.

पाना मैत्रिणीच्या हातात होता. ती नट उघडायला जरा घुटमळली, म्हणून मीच घेतला. नट निघाला, वायरीची कडी वर उचलली. खाली टोकावर हळदकुंकवाचा थर. वाळून, तापून काळा-तपकिरी झालेला, आणि कडीच्या बरोबर खाली अक्षतांतला तांदळाचा एक दाणा, अर्धा चेपलेला. त्या दाण्यामुळं कडी टोकाला नीट टेकलीच नव्हती. थोडी वीज लागली तर कशीबशी वाट काढायची, चढावर जास्त लागली की तिथंच अडायची.

"हे आवळताना दिसलं नाही तुला?" मी विचारलं.

"दिसलं होतं."

"मग?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मावशींनी लावलेलं होतं. पूजेचं. मी कशी पुसू? मला वाटलं, पुसायचं असतं तर तूच पुसून आणलं असतंस. घट्ट तर आवळला होता."

मला हसावं की रडावं कळेना. वायरी मी जोडल्या असत्या, तर ओढणीच्या टोकानं ते कुंकू कधी पुसलं हे मलाही कळलं नसतं. आपल्याच आईनं लावलेलं, त्याचं काय एवढं? ती मात्र नाजूक हातानं, थराला धक्का लागू नये म्हणून, वरूनच कडी ठेवत आली होती. एवढे दिवस जिच्यापायी आमच्या जिवाला घोर, ती गोष्ट तिनं माझ्या आईच्या मानासाठी जपली होती.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी तोंडाला पदर लावून हसली. "अगं माझे बये! पूजा झाली की पुसायचं असतं. दसरा झाल्यावं कोयत्याला कुंकू ठिवून ऊस तोडत्यात व्हय? काखंत कळसा आन् गावाला वळसा तुमचा." मग खाली बसली, पदरानंच दोन्ही टोकं पुसायला लागली. निघेना तेव्हा नाण्यानं खरवडलं. खरवडता खरवडता तिला म्हणाली, "आन् तू गं, परक्यावानी काय करती? हक्कानं पुसायचं." ती नुसतीच हसली.

टोकांवरून पॉलिश पेपर फिरवला, नट आवळले आणि बल्ब लावला. बल्ब असा पांढरा पेटला की आईनं डोळ्यांवर हात धरला. मी तिला मिठी मारली, आईला मारली, शेजारच्या आजीबाई कुतूहलानं बघायला आल्या होत्या त्यांनाही मारली. "काय झालं गं?" त्या विचारत होत्या. आई म्हणाली, "त्यांचं मेंढरू उठलं."

पुण्याच्या स्पर्धेचं मी जास्त सांगत नाही. मोठमोठ्या कॉलेजांची चकचकीत यंत्रं होती आणि आमच्या कोकराला बिजागऱ्या. ते मान खाली घालून चढावर आलं, अर्ध्यावर मी डोळे मिटले, आणि ती माझ्या कानाशी म्हणाली, "उघड, गेलं पलीकडं." पहिली फेरी पास. दुसऱ्या फेरीत एका यंत्रानं आम्हाला उलटं करून टाकलं, त्याचं मला काडीचंही दुःख झालं नाही. चाचांनी बातमी ऐकली, खिशातून पेढ्यांचा पुडा काढला, म्हणजे आधीच आणून ठेवलेला होता, आणि म्हणाले, "जबान म्हंजी जबान. पोरगी इथं राहील."

मी हॉस्टेलवर माझ्या शेजारची कॉट धरून ठेवली. कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. आईनं तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली, जुन्या लुगड्यांची, मऊ. मी इतकी खुशीत होते की मास्तरांशीही गोड बोलायला लागले.

परीक्षा संपल्या त्या आठवड्यात आम्ही व्हरांड्यात कोकरू सोडवत बसलो होतो. मोटारी भंगारवाल्याला परत द्यायच्या होत्या. आत अम्मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, त्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मी पण जातेय त्यांच्याबरोबर."

"सोडायला?"

"राहायला."

मला वाटलं, चाचांनी शब्द फिरवला. मी उठलेच भांडायला. तिनं हात धरून खाली बसवलं. "अब्बा हो म्हणाले. अजून पण हो म्हणतायत. मीच नाही म्हणाले."

"का?"

"अम्मी कधी दौंडच्या बाहेर राहिलेली नाही. तिच्या बहिणी इथं, माहेर इथं. अब्बा गाडीवर गेले की दोन-दोन दिवस येत नाहीत. तिकडं ती कुणाशी बोलणार? बदली अब्बांची झाली, माझ्या राहण्याचं तरी बोलणं झालं. तिला कुणी विचारलंच नाही."

मला फार राग आला. "मग एवढं सगळं कशाला केलंस? महिनोन् महिने त्या बल्बाकडं बघत कशाला बसलीस? हरलो असतो तरी तेच झालं असतं!"

"तेच झालं नसतं," ती म्हणाली. "हरले असते तर मला घेऊन गेले असते. आता मी जातेय."

मी आयुष्यभर बिघाड शोधायचंच काम केलं, कारखान्यात त्याचाच पगार घेते. कुठली वायर तुटली, कुठला जोड तापतोय, मला सापडतं. पण त्या दिवशी सगळे जोड घट्ट होते. कुणाचं काही चुकलं नव्हतं. चाचा शब्दाला जागले, बॅटरी जागली, आणि ती, जिला दुसऱ्याच्या आईचं कुंकू पुसवलं नाही, ती स्वतःच्या आईला एकटी कशी धाडणार होती? हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं म्हणून काही कमी दुखलं नाही.

ती गेली त्या दिवशी दौंड स्टेशनवर आई मुद्दाम केंदूरहून आली, गोधडी घेऊन. खिडकीतून आत दिली. अम्मीनं ती मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिली. आम्ही दोघी काय बोललो ते मला आठवत नाही. काहीतरी फालतूच असणार. गाडी हलली तेव्हा मी पळाले नाही, हात हलवला नाही. मी चिडलेली होते.

पत्रं आली, मी पाठवली. तिचं तिकडच्या कॉलेजात नाव लागलं, अम्मीला शेजारीण मिळाली, असं ती लिहायची. मग मोबाइल आले, नंबर घेतले, नंबर बदलले, आणि कुठल्या तरी वर्षी आम्ही एकमेकींना हरवलो. भांडण नाही, काही नाही. मला तिची फार आठवण येते. नवरा चांगला आहे, मैत्रिणी आहेत, पण मी चिडले की हातातली वस्तू काढून घेणारं कुणी नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी कंपनीच्या कामाला हैदराबादला निघाले होते. भर दुपारी गाडी वाडी जंक्शनला थांबली. तिथं ती बराच वेळ थांबते. चाचा कधीच रिटायर झाले असणार, घर कुठल्या तिसऱ्याच गावाला असणार, हे मला कळत होतं. तरी मी बॅग सीटवरच टाकून खाली उतरले. प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि समोरून येणाऱ्या माझ्या वयाच्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं बघत राहिले. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मी अजून निम्म्या बायका बघितल्या नव्हत्या.